इल्या ग्रांदे : मोटारींविना नांदणारे बेट

ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगत, रिओ दी जानेरो राज्यात, 'इल्या ग्रांदे' म्हणजेच 'मोठे बेट' वसले आहे. सुमारे १९३ चौरस किलोमीटर विस्ताराच्या या बेटावर खाजगी मोटारींना मज्जाव आहे. मुख्य भूमीवरील आंग्रा दोस रेइस बंदरातून प्रवासी नावेने आब्राओं या गावी उतरतात. तेथून पुढे पायवाट किंवा होडी हीच साधने. सामान हातगाडीवरून जाते. शासकीय सेवांची मोजकी वाहने एवढाच काय तो अपवाद.

ब्राझीलच्या किनारपट्टीवर एकेकाळी अटलांटिक वर्षावन सलग पसरलेले होते. ऊस, कॉफी आणि शहरे यांपायी आज त्याचा अल्पांशच उरला आहे. या बेटावरही अशी लागवड झाली होती. परंतु ती मागे पडली आणि डोंगरउतार पुन्हा हिरवे झाले.

या पुनरुज्जीवनाला एका विचित्र कारणाने हातभार लागला. १८८६ मध्ये येथे जहाजांवरील प्रवाशांसाठी विलगीकरण केंद्र सुरू झाले. पुढे 'दोईस रिओस' येथे तुरुंग आला. १९३६ मध्ये ख्यातनाम कादंबरीकार ग्रासिलियानु रामुस यांनाही या बेटावर बंदिवास घडला. रोग आणि कैद यांच्या धाकाने माणसे दूर राहिली व वन वाढत गेले.

१९९४ मध्ये तुरुंग बंद झाला आणि पर्यटकांची रीघ लागली. धाकाची जागा आता नियमाला घ्यावी लागली. १९७१ मध्येच राज्य उद्यान स्थापन झाले होते. २०१९ मध्ये युनेस्कोने पाराती नगरासह या बेटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज दोईस रिओस येथे राज्य विद्यापीठाचे पर्यावरण-अभ्यास केंद्र आहे.

लोपेस मेंदेस या विख्यात पुळणीवर आजही मोटाररस्ता पोहोचत नाही. पर्यटक शेजारच्या किनाऱ्यावर होडीतून उतरतात आणि झाडीतून टेकडी ओलांडून चालत जातात. रस्त्यामागून येणारी बांधकामे त्यामुळे दूर राहिली. नावाडी, हमाल व वाटाडे यांना मात्र रोजगार मिळाला.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. माथेरानला जाणाऱ्या प्रवाशांच्या खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. कोकणातील एखाद्या ग्रामपंचायतीपुढे पुळणीपर्यंत रस्ता नेण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा सोयीबरोबरच आणखी एक प्रश्न विचारला जावा : ज्या शांततेसाठी पाहुणे येतात, ती या रस्त्याने टिकेल काय?