मोर्चात होत्या, नोंदीत नाहीत

पोशीरला येऊन स्त्री-चळवळीच्या नोंदींवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न इथलाही आहे, तो शेवटी सांगतो.

महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीचा एक मोठा प्रवाह डाव्या आणि समाजवादी संघटनांतून वाढला. त्या लढ्यांच्या अहवालांत मात्र बाई बहुधा एका वाक्यात सापडते : ‘स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता.’ वाक्य खोटं नाही. पण त्यात बाई संख्या आहे, साक्षीदार नाही.

आपल्या उत्तरेला तलासरी-डहाणूकडचं उदाहरण घ्या. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले. तिथे ‘लग्नगडी’ ही पद्धत होती. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा सावकाराचा बांधील, आणि त्याच्याबरोबर बायकोही. म्हणजे वेठ एकच, पण तिच्या वाट्याला ती दुप्पट. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं म्हणून ते जग आपल्याला कळलं. तरी लेखणी गोदूताईंची होती, वारली बाईच्या हातची नव्हती.

पुढे १९७२. शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन आणि मजुरीसाठी. तिथल्या भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली. मजुरी वाढली तरी ती दारूत जाणार आणि मार आपल्याला बसणार, हे त्यांना ठाऊक होतं. घरातला प्रश्न राजकीय आहे, हे त्यांनी कुठलं पुस्तक न वाचता दाखवून दिलं. त्याच सुमारास मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, पण मोर्चा एक. १९७७ साली दोघी लोकसभेत गेल्या. बाकीच्या हजारो घरी परतल्या, त्यांचं कोणी लिहिलं?

‘आधी वर्गलढा, मग बाईचा प्रश्न’ हा वादही तेव्हा चाललाच होता. तोही नोंदवायला हवा. भांडण गाळलेला इतिहास म्हणजे सत्कार-समारंभ! आणि विसर फक्त पक्षांनाच पडतो असं नाही. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना स्वतः घ्यावा लागला. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ चं.

तत्त्वज्ञानात आम्ही विचारतो, ज्ञान कोणाचं? इथे उत्तर सोपं आहे : जिने सोसलं तिचं. लिहिणारा फक्त लेखनिक.

आता इथलं सांगतो. १९७२ ला पंचविशीत असलेली बाई आज ऐंशीच्या घरात आहे. या भागातल्या गावांत, ठाकूर-कातकरी वाड्यांत अशी कोणी असेल तर जाऊन बसा. ‘तुमची विचारसरणी काय होती?’ असं विचारू नका. विचारा, ‘त्या दिवशी पोरं कोणाकडे ठेवली? घरी परतल्यावर काय झालं? बैठकीत तुम्हाला बोलू दिलं का?’ तिच्याच शब्दांत लिहा. तिला वाचून दाखवा, ती ‘हे काढ’ म्हणाली तर काढा. नेत्यावरचा तिचा राग मात्र आपल्या सोयीसाठी पुसू नका.

उशीर करू नका, मंडळी. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.