गोधडीवर लिहिलेली गोष्ट

गोधडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? जुन्या लुगड्यांचे थर, धावदोरा आणि थंडीतली ऊब. पण मैत्रिणींनो, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम या नामांकित संग्रहालयात एक गोधडी मोठ्या चित्राच्या मानाने जतन केलेली आहे. ती करणाऱ्या फेथ रिंगगोल्ड या दोन मुलींच्या आई, आणि बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई!

फेथबाईंचा जन्म १९३० सालचा, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज दक्षिणेतला जाच चुकवून, कामधंद्याच्या शोधात शहरांकडे आले, त्यांची ही वस्ती. फेथबाईंच्या आईचं घराणंही असंच फ्लोरिडाहून आलेलं. त्यांची खापरपणजी स्वतः गुलाम होती आणि गोधड्या शिवत असे. ती विद्या लेकी-नातींच्या हातून आईपर्यंत, विली पोझींपर्यंत, पोचली. विलीबाई कपडे बेतण्या-शिवण्यात वाकबगार होत्या.

१९७२ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयात फेथबाईंनी कापडाच्या चौकटीत बसवलेली तिबेटी चित्रं पाहिली आणि आपल्या चित्रांना आईकडून तशाच चौकटी शिवून घेतल्या. कापडावरचं चित्र गुंडाळून कुठेही नेता येतं, ही सोय वेगळीच! मग १९८० मध्ये मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. तिच्यावर हार्लेममधले तीस चेहरे रंगवलेले आहेत. पुढच्याच वर्षी आई वारली.

त्याच सुमारास फेथबाईंनी आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं, पण प्रकाशक काही मिळेना. तेव्हा त्यांनी काय करावं? गोष्टी गोधडीवरच लिहायला सुरुवात केली! १९८३ च्या पहिल्या ‘गोष्टीच्या गोधडी’त त्यांनी जाहिरातीतली हसतमुख, लठ्ठ मोलकरीण घेतली आणि तिला स्वतःचा धंदा चालवणारी कर्तबगार बाई करून टाकलं. आत्मचरित्र छापून आलं ते थेट १९९५ मध्ये.

गुगेनहाइममधली गोधडी १९८८ सालची. नाव ‘टार बीच’, म्हणजे डांबराची चौपाटी. हार्लेममधल्या कुटुंबांची उन्हाळ्यातली चौपाटी म्हणजे इमारतीची डांबर घातलेली गच्ची! मधल्या कॅनव्हासवर मोठी माणसं पत्ते खेळताहेत, दोरीवर कपडे वाळताहेत, पोरं अंथरुणावर पडली आहेत. भोवती फुलाफुलांच्या कापडाचे तुकडे जोडलेला काठ, आणि वर-खाली पट्ट्यांवर लिहिलेली गोष्ट. आठ वर्षांची कॅसी आकाशात उडते. तिचे वडील उंच इमारतींची बांधकामं करतात, पण वंशामुळे कामगार संघटना त्यांना सभासद करून घेत नाही. म्हणून कॅसी त्या संघटनेच्या इमारतीवरून उडते, ती वडिलांना मिळवून द्यायला! गुलाम उडून मुक्त झाल्याच्या जुन्या लोककथा तिच्या लोकांत होत्याच. आजीच्या तोंडची कथा आणि शहरातली गच्ची एकाच गोधडीत आली ती अशी.

२०२४ मध्ये फेथबाई गेल्या. पण बघा, घरात बायकांनी बायकांना शिकवलेलं काम त्यांनी कमी लेखलं नाही. खापरपणजीचं नाव आज आपल्याला कळतं, सूझी शॅनन, ते त्यामुळेच.

आपल्या ट्रंकेतल्या गोधडीचं काय? कुठलं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं, हे सांगणारी आजी किंवा सासूबाई घरात असतील, तर एकदा विचारून ठेवा. अस्तराच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल चार टाक्यांत घालायला अर्धा तास पुरतो. आपल्या नातीला ते वाचता येईल.