वाडीची भाषा आणि शाळेची पहिली पायरी

घोरावाडी हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरील, तळेगाव दाभाडेनजीकचे एक लहानसे उपनगरी स्थानक. या परिसरात एकीकडे कारखाने व वाढती नगरे आहेत, तर पश्चिमेकडे आंदर, नाणे व पवन मावळाच्या डोंगरदऱ्या पसरल्या आहेत. या दऱ्यांतून कातकरी समाजाच्या वाड्या आढळतात. खैरापासून कात काढणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. त्यावरूनच त्यास कातकरी किंवा काथोडी हे नाव मिळाले. कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणेच कातकरी हाही महाराष्ट्रातील आदिम जमातींमध्ये गणला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. या समाजाला स्वतःची बोली आहे आणि तिचे भवितव्य हा आज विचाराचा विषय झाला आहे.

गणनेतून निसटणारी भाषा

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात, मराठीविषयक खंडात, कातकरीची दखल घेण्यात आली होती. पुढे १९६१ च्या जनगणनेत देशातील १,६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ पासून मात्र दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखविल्या जात नाहीत, आणि अनेक मातृभाषा मोठ्या भाषांच्या शीर्षाखाली एकत्र केल्या जातात. त्यामुळे २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत केवळ १२१ भाषा दिसतात. वर्गीकरणाच्या सोयीसाठी ही पद्धत समजण्यासारखी आहे. परंतु जी भाषा आकड्यांत दिसत नाही, तिच्यासाठी पुस्तक, शिक्षक वा निधी यांची तरतूद कोणी करावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

युरोपचा अनुभव

युरोपातील लहान भाषांपुढेही हेच संकट उभे होते. आयरिश समुद्रातील मॅन बेटाची मँक्स भाषा जन्मतः बोलणारे अखेरचे गृहस्थ नेड मॅड्रेल १९७४ मध्ये निवर्तले. तथापि, तत्पूर्वीच काही अभ्यासकांनी वृद्ध भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते व भाषा शिकूनही घेतली होती. त्या पायावर २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. २००९ मध्ये युनेस्कोने ही भाषा लुप्त ठरविली, तेव्हा त्या शाळेतील मुलांनी त्याच भाषेत पत्रे लिहून आपला आक्षेप नोंदविला आणि वर्गवारी बदलण्यात आली.

युरोप परिषदेने १९९२ मध्ये प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांची सनद स्वीकारली. ती १९९८ मध्ये अमलात आली. शिक्षण, न्याय, प्रशासन, प्रसारमाध्यमे, संस्कृती इत्यादी विषयांतील किमान ३५ बंधने सनद मंजूर करणाऱ्या प्रत्येक राष्ट्राने स्वतः निवडून पाळावयाची, ठराविक काळाने अहवाल द्यावयाचा व तज्ज्ञ समितीने त्याची तपासणी करावयाची, अशी तिची रचना आहे. केवळ सदिच्छा व्यक्त करून न थांबता कामाचा हिशेब मागणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

मात्र या सनदेला एक मर्यादाही आहे. राज्याच्या अधिकृत भाषेच्या बोली तिच्या कक्षेत येत नाहीत. तोच निकष येथे लावला, तर ‘मराठीची बोली’ मानल्या जाणाऱ्या कातकरीसारख्या भाषेस संरक्षण मिळणार नाही. म्हणून युरोपकडून हिशेबाची शिस्त घ्यावी. भाषा आणि बोली यांमधील भिंत मात्र घेऊ नये.

आपल्या हातातील साधने

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क हा भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याविषयी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा.

वीटभट्टी व कोळशाच्या कामासाठी आईवडिलांबरोबर स्थलांतर करणारे मूल आधीच शाळेपासून दूर असते. ते वर्गात येते, तेव्हा शिक्षकाचे पहिले वाक्यच त्यास परके वाटले, तर मौन हाच त्याचा आश्रय ठरतो. या मौनाचा अर्थ अनेकदा मंदबुद्धी असा लावला जातो. वस्तुतः त्या मुलाजवळ रानभाज्या, मासे, औषधी वनस्पती यांविषयीचे विपुल ज्ञान असते. ते सांगावयास वर्गात भाषा नसते, इतकेच.

यासाठी मोठ्या खर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. अंगणवाडीत शक्य तेथे वाडीतीलच सेविका वा मदतनीस नेमता येईल. शिक्षकांना मुलांकडूनच शब्द गोळा करून वर्गकोश तयार करता येईल आणि घरच्या बोलीतून प्रमाण मराठीकडे क्रमाने नेता येईल. ग्रामपंचायतीने ज्येष्ठांच्या कथा-गीतांचे ध्वनिमुद्रण, त्यांच्या संमतीने, करून ठेवावे. शाळा व्यवस्थापन समितीत कातकरी पालकांना खरोखर बोलू द्यावे. प्रमाण मराठी शिकण्यास यामुळे बाधा येत नाही; उलट, परिचित भाषेच्या पायावर दुसरी भाषा अधिक दृढपणे उभी राहते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. थोरलीचा सन्मान झाला म्हणजे धाकट्या बहिणींची जबाबदारीही तिच्याकडे आली. ती पार पाडण्याचे काम वाडीवरच्या शाळेपासूनच सुरू झाले पाहिजे.