दिवाळी शॉपिंग, चिऊ आणि दहा आकडे

ऑफिसचा लॅपटॉप बंद केला की थेट नगर-मनमाड रस्ता धरायचा, ही आमची दरवर्षीची दिवाळी. माझं माहेर राहाता. शिर्डी जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, त्यामुळे सुट्टीत रस्त्यावर गाड्यांची ही रांग! अशा गर्दीत सात वर्षांची चिऊ हरवली तर? म्हणून मी तिच्याकडून माझा मोबाइल नंबर घोकून घेतला. पाढ्यांपेक्षा पक्का!

मागच्या दिवाळीत अण्णा, मी आणि चिऊ बाजारात निघालो. पणत्या झाल्या, रांगोळी झाली, किल्ल्यासाठी मातीचे मावळे झाले. मग फ्रॉकसाठी एका मोठ्या दुकानात शिरलो. मी पिशव्या सावरतेय तोवर बाईसाहेबांनी लकी ड्रॉवाल्या दादाला सगळं सांगून टाकलं होतं. नंबर, वाढदिवस, शाळा आणि वर, 'आमच्या पुण्याच्या घराला कुलूप आहे!' बक्षीस काय, तर एक फुगा.

पंधरा दिवसांनी फोन आला. चिऊचं खरं नाव, शाळेचं नाव बरोब्बर. 'मॅडम, मुलीची स्कॉलरशिपसाठी निवड झालीय, फक्त ओटीपी सांगा.' एवढी माहिती आहे म्हणजे शाळेतलाच माणूस असणार, असं वाटून मी मेसेज उघडलासुद्धा! ओटीपीच्या वर 'कुणालाही सांगू नका' हे वाचलं आणि फोन ठेवला. माहिती त्या फॉर्ममधूनच गेली, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण चिऊला रागावले, तर ती म्हणाली, 'तूच म्हणालीस ना, नंबर विचारला की सांगायचा?'

बरोबरच होतं तिचं. अर्धाच धडा दिला होता मी. तेव्हापासून आमच्या घरचे नियम असे:

नंबर फक्त हरवल्यावर. तोही पोलिसांना किंवा दुकानात बसलेल्या काकूंना. एरवी कुणी विचारलं तर उत्तर एकच, 'आईला विचारा.' नंबरची चिठ्ठी फ्रॉकच्या खिशात ठेवा. दप्तरावर मोठ्ठं नाव नको, नावाने हाक मारणारा मुलांना ओळखीचाच वाटतो.

बिलाला नंबर कशाला? ग्राहकांवर मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय. हसून 'नको' म्हणा, बिल मिळतं.

मुलांची माहिती तुमच्या परवानगीने. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितलीय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं मात्र त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची असं ठरलं. तोवर काय, तुम्हीच पहारेकरी!

यूपीआय सांभाळून. अनेकांचा यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबरच असतो. अ‍ॅपमध्ये वेगळा आयडी बनवून घ्या. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आजी-आजोबांनाही सांगा.

रांगेत फोन दिलात? मग अ‍ॅप डाउनलोड आणि खरेदीला पासवर्ड लावा. कंटाळलेलं पोर कुठेही 'ओके' दाबतं.

खोकं फेकण्याआधी नाव, पत्ता, नंबराचं लेबल फाडा.

फोटो परतल्यावर. 'गावी चाललो' हे स्टेटस म्हणजे कुलपाची जाहिरातच की!

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितकी घाई, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

यंदा पुन्हा तीच खरेदी, तेच काउंटर. दादाने विचारलं, 'मोबाइल नंबर?' मी तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला, 'पण आम्ही हरवलोच नाही आहोत!'

दादा हसला आणि बिल फाडलं. फुगा तेवढा मिळाला नाही.