पाचोळ्याखालचं पाणी

अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालं की देवगोईचा घाट लागतो. एप्रिलमध्ये इथला साग उघडाबोडका असतो, पायाखाली पाचोळा वाजतो, ओढे आटलेले असतात. तरी एखाद्या ओढ्याच्या वाळूत झिरा खणला, की तळाशी पाणी पाझरू लागतं. पाऊस जाऊन सहा महिने झाले. इतके दिवस हे पाणी होतं कुठे?

सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा. त्या दगडाच्या पोटात पाणी फारसं मावत नाही. साठतं ते भेगांत, मुरमात आणि वरच्या मातीत. एक हेक्टर उतारावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. माती उघडी असेल तर थेंबांच्या माराने तिचे कण सुटतात, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी गढूळ होऊन नर्मदा-तापीकडे पळतं. पाचोळा हा मार स्वतःच्या अंगावर घेतो. त्याच्याखाली वाळवीने, गांडुळांनी आणि कुजलेल्या मुळांनी पाडलेल्या नळ्यांतून पाणी सावकाश खाली उतरतं.

नुसतं झाड मात्र पुरत नाही. सागाच्या सुपाएवढ्या पानावर पाऊस गोळा होतो आणि टपोऱ्या थेंबांनी उंचावरून आदळतो. खालचा पाला जळून गेला असेल, तर सागाखालची माती उघड्या माळापेक्षाही जास्त धुपू शकते. (मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला जाळतात, तेव्हा हे आठवतं.)

शिवाय झाडं पाणी पितात, तेही भरपूर. बॉश आणि ह्युलेट या संशोधकांनी १९८२ मध्ये ९४ पाणलोटांतले प्रयोग पडताळले. पानझडी जंगल दहा टक्क्यांनी घटलं, की ओढ्याला वर्षाकाठी साधारण २५ मिलिमीटर पाणी जास्त येतं, असा हिशेब निघाला. मग झाडं तोडावीत? बुर्किना फासोमधल्या २०१६ च्या अभ्यासात उलगडा आहे: ओसाड रानात पाणी मुरत नाही, दाट रानात ते झाडंच पिऊन टाकतात, जमिनीत सर्वांत जास्त पाणी उतरतं ते मधल्या, विरळ झाडीत. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखलं, बंधारे घातले, आणि टंचाईच्या गावातल्या विहिरींना पाणी आलं.

सागाची युक्ती वेगळीच. उन्हाळ्यात पानं टाकून तो पाणी पिणं जवळजवळ बंद करतो. झिऱ्यात उरतं त्यात या उपासाचाही वाटा असतो. आणि टाकलेली पानं, वणव्यातून वाचली तर, जूनची पहिली सर झेलायला खाली पसरलेली असतात.