आडभिंत घालताय? जिप्सम बोर्ड ठोकण्याआधी ओल बघा

लग्न ठरलं की सोप्यात आडभिंत घालून एक खोली काढायची, हे गावोगाव चालतं. पूर्वी कुडाची भिंत असायची, नंतर विटांची आली. आता मिस्त्री सांगतो, ‘जिप्सम बोर्ड मारू, दोन दिवसांत काम.’ काम होतंही दोन दिवसांत. पण गगनबावडा, चंदगड, आजरा, शाहूवाडी या पट्ट्यात चार महिने घर ओलं असतं, तिथे हाच बोर्ड दगा देतो.

कारण साधं आहे. जिप्समच्या दोन्ही बाजूंना जाड कागद असतो. खाली पाणी लागलं की बोर्ड ते शोषून घेतो, मऊ पडतो आणि कागदावर बुरशी येते. वाळवीला तर कागद म्हणजे मेजवानीच. हिरव्या रंगाचा बोर्ड दमट हवेत जरा बरा टिकतो, पण कौलातून गळणारं पाणी त्यालाही झेपत नाही. जिप्समचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल, आगीत तो बराच वेळ तग धरतो.

त्याऐवजी फायबर सिमेंट बोर्ड किंवा सिमेंट आणि लाकडाच्या भुशाचा बोर्ड बघावा. पाण्याने त्यांचा भुगा होत नाही, वाळवी सहसा लागत नाही, धक्क्यालाही घट्ट. वजन मात्र भरपूर. भुशाच्या बोर्डाचा 12 मिमी जाडीचा 8 बाय 4 फुटांचा एक नग साधारण 45 किलो भरतो, उचलायला दोन माणसं लागतातच. खरेदी करताना फायबर सिमेंटवर आयएस 14862 आणि भुशाच्या बोर्डावर आयएस 14276 हा क्रमांक आहे का, ते बघा. ‘अ‍ॅस्बेस्टॉस नाही ना?’ हेही स्पष्ट विचारा. कापताना उडणारी धूळ छातीला वाईट. कापकाम अंगणात करा, तोंडाला चांगला मास्क लावा, पोरंबाळं लांब ठेवा.

पीव्हीसी पॅनल स्वस्त, हलकं आणि पाण्याला घाबरत नाही. पण चुलीजवळ किंवा गॅसच्या शेगडीमागे नकोच. उष्णतेने ते वाकतं आणि पेटलं तर विषारी धूर सोडतं. न्हाणीघराबाहेरच्या भिंतीला चालेल.

बोर्ड कुठलाही घ्या, तो जमिनीला टेकवू नका. खाली अर्धा इंच जागा सोडून वर टाईलची पट्टी मारा, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी वर चढत नाही. लोखंडी सांगाड्याच्या उभ्या पट्ट्यांत दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. टीव्ही किंवा फडताळ टांगायचं असेल तर ती जागा आधीच सांगा, आतून लाकडी फळी बसवून घ्या. नुसत्या बोर्डात खिळा मारून भागत नाही. पोकळीत उंदीर शिरू नयेत म्हणून कडाही बंद करून घ्या.

जुन्या भिंतीवरच पॅनल चढवायचं असेल तर आधी एक गोष्ट करा. दोन फूट प्लास्टिक कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी साचलं तर ओल भिंतीतूनच येतेय. अशा भिंतीवर पॅनल लावणं म्हणजे जखमेवर नुसती चादर घालणं. आधी पागोळ्या दूर काढा, बाहेरचं गटार खोल करा, भिंत एक उन्हाळा वाळू द्या. लग्नाची घाई असली तर ती खोली दुसऱ्या, कोरड्या भिंतीकडे काढलेली बरी.