दोष वादकाचा की कर्ण्याचा?

रसिकहो, हमाल-मापाड्यांच्या चळवळीत ज्याचे आयुष्य गेले, त्याने गिटारीवर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. संगीताचे शास्त्र आम्ही कोणा गुरूच्या पायाशी बसून शिकलो नाही. जे कळले ते ऐकून आणि वाचून. पण काट्यावर उभे राहून एक गोष्ट मात्र आम्ही पक्की शिकलो आहोत. माल तोलण्याआधी काट्याचा पासंग पाहावा लागतो. पारडी समतोल नसतील तर आधी धडा करावा, मगच पोते चढवावे. हा नियम तुरीला लागू आहे तसाच तो स्वरालाही लागू आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आधी वाद्याची ओळख. हवाईयन गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात. डाव्या हाताची बोटे तारा दाबीत नाहीत. त्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, आणि उजव्या हाताच्या नख्या तारा छेडतात. प्रशांत महासागरातील हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू याने ही पद्धत रूढ केली असे मानतात. आपल्याला हे तत्त्व मुळीच परके नाही. विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्य तारेवरून गोटा सरकवूनच वाजतात. म्हणून तर हे वाद्य आपल्याकडे इतक्या सहज रुजले. व्हॅन शिप्ले यांनी त्यावर चित्रपटगीतांच्या चाली वाजवल्या आणि त्या तबकड्या घरोघर गेल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन तिच्यावर राग उभा केला. 1967 साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार एकत्र आली. तिच्यामागे उभे होते आपले भावगीतगायक जी. एन. जोशी.

आता नाद कशाने बनतो ते पाहू. पहिली गोष्ट कांडी. ती पडद्याच्या खुणेच्या बरोबर वर यावी लागते. इथे पडदे नुसते डोळ्यांसाठी. बोट अडवून स्वर पक्का करणारे काहीच नाही. केसभर पुढेमागे झाले की स्वर चढला किंवा उतरला. कांडी हलकी टेकली तर तार खरखरते, जास्त दाबली तर घासल्याचा आवाज येतो आणि स्वरही चढतो. दुसरी गोष्ट, कांडीच्या मागे उरलेला तारेचा तुकडाही झणझणत असतो. चांगला वादक मागची बोटे अलगद टेकवून तो शांत करतो. तिसरी गोष्ट छेडण्याची जागा. घोडीजवळ छेडले तर नाद टोकदार, आत सरकून छेडले तर गोल आणि मऊ. आणि चौथी म्हणजे कंप. स्वरावर पोहोचल्यावर कांडी किती वेगाने आणि किती रुंद हलते, यावर वादकाची सही असते.

विजेच्या गिटारीत आणखी एक भानगड आहे. 1931–32 च्या सुमारास अमेरिकेत बोशाँ आणि रिकनबॅकर यांनी तारांजवळ लोहचुंबक व तारेचे वेटोळे बसवून पहिली विजेची गिटार बनवली, आणि ती हवाईयनच होती. तेव्हापासून लाकडी पेटीचे काम बरेचसे अॅम्प्लिफायरने घेतले. म्हणजे वादकाचा स्वतःचा अॅम्प्लिफायर हा त्याच्या वाद्याचाच भाग झाला. त्याच्या आवाजाची जबाबदारी त्याची. परंतु सभागृहाचा कर्णा त्याचा नव्हे. हा भेद न केल्यामुळे आमच्या हातून एकदा अन्याय झाला.

एका कामगारदिनी आम्ही कार्यक्रम ठेवला होता. दिवसा दालमिलमध्ये काम करणारा एक वादक गिटार वाजवणार होता. पत्र्याचे छप्पर, खांबाला बांधलेले दोन कर्णे, आणि पुढच्या रांगेत आम्ही समितीचे लोक. आवाज कर्कश आला, खालच्या तारा ऐकूच आल्या नाहीत, मधून मधून घरघर होत होती. कार्यक्रमानंतर समितीने ठरवले की वादन सुमार झाले, आणि बिदागी निम्मी केली. तो काही न बोलता पैसे घेऊन गेला. महिनाभराने एका ओळखीच्या घरी त्याच हाताचे वादन बिनविजेच्या गिटारीवर ऐकले. मींड अशी की श्वास अडकावा! तेव्हा आठवले, त्या दिवशी आमचे स्वतःचे भाषणही त्याच कर्ण्यातून पत्र्यासारखेच वाजले होते. भाषणाची मजुरी मात्र कोणी कापली नव्हती. मजुरीत कपात झाली म्हणून आयुष्यभर भांडणाऱ्या आम्हीच ती केली होती. उरलेले पैसे पोहोचते केले. पण पुढच्या वर्षी बोलावणे धाडले तेव्हा तो आला नाही.

यातून पहिला नियम निघाला. वादक वाजवू लागण्यापूर्वी निवेदकाचे बोलणे कान देऊन ऐका. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तोच नाकातून आल्यासारखा वाटला तर दोष यंत्रणेचा. तितका पासंग मनात धरून पुढचे ऐका. दुसरा नियम, जागा बदलून पाहा. कर्णा समोरच्या माणसावर धारदार आवाज फेकतो, बाजूच्याला तोच बोथट वाटतो. भिंती आणि पत्रे आवाज परतवतात, तेव्हा भराभर वाजवलेले स्वर एकमेकांत कालवतात. त्यावरून हात अस्वच्छ आहे असे म्हणू नये. तिसरा नियम, मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. दोन वादकांची तुलना करायची तर दोघांचा आवाज सारख्या पातळीवर हवा, कारण जो किंचित मोठा असतो तो कानाला उगाच सरस वाटतो.

आता नभोवाणीकडे वळू. आमच्या लहानपणी रेणापुरात संध्याकाळी रेडिओ लागे. मध्यम लहरींवरच्या प्रक्षेपणात दर सेकंदाला सुमारे 5,000 आवर्तनांच्या वरचा नाद बहुतेक गळून जातो, एफ. एम. वर तो सुमारे 15,000 पर्यंत पोहोचतो. गिटारीचे मूळ स्वर 5,000 च्या पुष्कळ खाली असतात, म्हणून चाल पूर्ण ऐकू येते; परंतु नखीचा टणत्कार आणि तारेची चकाकी ज्यांनी बनते ती वरची आवर्तने जातात. शिवाय प्रक्षेपणात हळू आवाज वर उचलतात आणि मोठा दाबतात. त्यामुळे वादकाने हलकेच विझवलेला स्वर आपल्याला विझतच नाहीसा वाटतो. खर्जाचे तर गमतीचे आहे. छोट्या संचाचा कर्णा खालचा मूळ स्वर देऊच शकत नाही. पण त्याची वरची आवर्तने येतात आणि आपला कान मूळ स्वर मनानेच भरून काढतो. स्वर कळतो; त्याचे वजन कळत नाही.

मग रेडिओवरून पारखायचे काय? जे टिकते ते. कांडी स्वरावर नेमकी थांबते की शोधीत थांबते? मींड निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सलग आहे की मध्ये ठेचकाळते? कंप सारखा आहे की भीतीने थरथरतो? लयीत बसणे, विसावा घेणे, कोठे थांबावे हे कळणे, हे सगळे गाळणीतून पार होते. नादाची मऊ-कठोरता, खर्जाचे वजन, हळू-मोठ्याचा खेळ यांचा निकाल मात्र प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय देऊ नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रण वादकाला नेहमी उणेच करते असे नाही. कधी ते त्याला अधिकही करते. खोलीतला माइक वाद्याच्या अगदी जवळ असतो, चुकलेला तुकडा पुन्हा वाजवता येतो, वरून घुमारा घालता येतो. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची 1993 ची ध्वनिमुद्रिका एका प्रार्थनामंदिरात मुद्रित झाली. तिच्या नादात त्या वास्तूचाही वाटा आहे. म्हणून तबकडी ऐकून गेलेल्याने मंडपात तोच नाद मागू नये.

आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेत एक चांगली रीत आहे. परीक्षकांसमोर कलावंताचा चेहरा येत नाही, नाव येत नाही. येतो तो नुसता आवाज. वशिल्यावर हा उत्तम उपाय आहे. पण वशिला फक्त माणसांचाच नसतो, तो यंत्राचाही असतो. ज्याला चांगला माइक मिळाला त्याचे भाग्य उजळते, ज्याला फाटका कर्णा मिळाला त्याच्या हाताला बोल लागतो.

तेव्हा रसिकहो, यंदाच्या जत्रेत, गणपतीत किंवा लग्नात कोणी गिटार घेऊन बसला, तर निवेदकाचे चार शब्द आधी ऐका, एकदा उठून जागा बदला, आणि मगच मान हलवा किंवा नाक मुरडा. दोन मिनिटांचे काम आहे. पण त्या दोन मिनिटांवर एखाद्याची बिदागी, आणि पुढच्या वर्षी तो वाजवील की नाही हे अवलंबून असते.